रिपोर्ट नॉर्मल आले, पण दुखणं गेलं नाही

कापूस वेचणी ऐन भरात आली की हदगाव, तामसा, मनाठा, निवघा या भागातल्या आपल्या वस्त्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. कुणाचा खांदा ठणकतो, कुणाच्या पाठीत उसण भरते, कुणाच्या छातीत चमक निघते, कुणाची मान अवघडून हाताला मुंग्या येतात. मग दवाखाना होतो. एक्स-रे निघतो, रक्त तपासलं जातं, ईसीजी काढला जातो. डॉक्टर म्हणतात, “सगळं नॉर्मल आहे.” घरी आल्यावर दुखणं मात्र जिथल्या तिथं. मग घरातले म्हणू लागतात, “काही झालं नाही तिला, कामाचा कंटाळा आलाय.” शेजारीण सांगते, “बाहेरचं असेल, दाखवून घे.” आणि जिचं दुखतंय ती मनात धरून बसते, की आपल्याला काहीतरी मोठा रोग आहे आणि कुणी सांगत नाही.

या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. कारण सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ते करणीचंही नसतं. आणि बहुतेक वेळा तो जीवघेणा रोगही नसतो. मात्र “बहुतेक वेळा” म्हणजे “नेहमी” नव्हे. म्हणून आधी जिथं एक तासही थांबायचं नाही ती दुखणी सांगतो, आणि मग उरलेल्यांकडे वळतो.

थांबायचं नाही अशी दुखणी

छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखणं. ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा वरच्या पोटात जाणं. सोबत दरदरून घाम, दम लागणं, मळमळ. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. आपल्याकडे “गॅस झाला असेल” म्हणून ओवा आणि सोडा देण्यात मोलाचा वेळ जातो. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्या माणसांत छातीत कळ न येताही झटका येतो. नुसता दम लागतो, एकदम गळून गेल्यासारखं होतं, पाठ किंवा जबडा दुखतो. अशा वेळी १०८ वर फोन करा. ॲस्पिरिनची गोळी द्यायची का, हे फोनवरच विचारा. माणसाला चालवत नेऊ नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.

आणखी एक लक्षात ठेवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी झटका नाही असं लगेच ठरत नाही. त्रास चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्तातली ट्रोपोनिन तपासणी करतात. “पुन्हा काढायचा का?” असं डॉक्टरांना विचारण्यात काही चूक नाही.

एका हातातली ताकद अचानक जाणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं हा लकवा असू शकतो. तिथंही १०८. पडल्यानंतर मान किंवा पाठ दुखू लागली आणि पाय लटपटायला लागले, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना.

काही दुखण्यांना तासांची घाई नसते, पण त्यांना महिने घालवून चालत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन घटणं आणि सोबत छाती किंवा पाठ दुखणं, असं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. क्षय मणक्यातही होतो आणि तेव्हा खोकला नसूही शकतो, रात्री पाठ ठणकते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये खात्यावर मिळतात. स्तनात गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर ती गाठ दुखो वा न दुखो, लाज बाजूला ठेवून दाखवा.

कारण असतं, पण नजरेतून सुटतं

काही दुखणी “कळत नाही कशाने” अशी वाटतात, कारण दुखतं एकीकडे आणि कारण असतं दुसरीकडे.

उजव्या बरगडीखाली दुखून कळ उजव्या खांद्याच्या पात्यात जाते आणि तेलकट खाल्ल्यावर वाढते, तेव्हा पित्ताशयात खडे असू शकतात. मानेतली नस दबली की मान कमी आणि हात जास्त दुखतो, बोटांना मुंग्या येतात. छातीच्या किंवा पाठीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, कपडा लागला तरी सहन होत नाही आणि तीन-चार दिवसांनी तिथं पुरळ उठतं, ती नागीण. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. तो लहानपणच्या कांजण्यांचाच विषाणू असतो, शरीरात दडून बसलेला. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं तर फायदा जास्त होतो. मांत्रिकाकडे घालवलेले दिवस हेच खरं नुकसान.

खांदा हळूहळू आखडत जातो, हात वर जात नाही, मागे ब्लाउजच्या हुकापर्यंत किंवा मागच्या खिशापर्यंत पोचत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. हा गोठलेला खांदा. शुगर असलेल्यांत तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. कित्येकांना खांद्यामुळेच पहिल्यांदा कळतं की आपल्याला शुगर आहे. म्हणून खांदा आखडला असेल तर शुगर तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी मोफत असते. आशाताईंना विचारलं तरी दिवस कळतो.

रक्त कमी असणं, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉईडचा बिघाड यांनीही सगळं अंग मोडून येतं. यांतलं बरंच काही साध्या रक्ततपासणीत सापडतं.

आणि पाणी. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. एक लिटर पाण्यात ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. वर्षानुवर्षे त्याहून जास्त पोटात गेलं तर हाडं आणि सांधे ताठरतात, मान वळत नाही, पाठ वाकत नाही. मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्या अनेक घरांत मान-पाठ ताठरली असेल आणि मुलांच्या दातांवर पट्टे असतील, तर ते दुखणं एकट्या घराचं नाही. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याची लेखी मागणी करा. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

हे काहीच नसेल, तर मग दुखतं कशाने?

एक्स-रेत हाड दिसतं. स्नायू, त्यातली आखडलेली गाठ, बरगडी जिथं छातीच्या हाडाला जोडली जाते तिथली सूज, हे एक्स-रेत दिसत नाही. छातीत एका ठिकाणी बोटाने दाबलं की नेमकं तिथंच दुखतं, खोल श्वास घेतला किंवा हंडा उचलला की चमक येते, असं असेल तर बऱ्याचदा ते बरगडीचं किंवा स्नायूचं दुखणं असतं. मात्र हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि तेही हृदय तपासून झाल्यावर. उलटही घडतं. “मणक्यात गॅप आहे” असं ऐकून माणूस हबकतो. पण वयाच्या चाळिशीनंतर ज्यांचं काहीच दुखत नाही अशा पुष्कळांच्या मणक्यांतही झीज दिसते. फोटोतली झीज आणि अंगातलं दुखणं यांचा मेळ दर वेळी बसत नाही.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. वेदना ही शरीराची राखण आहे. वस्तीत एकदा चोर येऊन गेला की राखणीचं कुत्रं पुढे पान हललं तरी भुंकतं. कुत्रं खोटं भुंकत नाही, त्याला खरोखर चाहूल लागते, पण चोर आत नसतो. तसंच इजा भरून आल्यावरही काही माणसांचे मज्जातंतू आणि मेंदू सावधच राहतात. साधा स्पर्श, थोडं वजन, थंड वारा, एवढ्यावरही ते वेदनेची हाक देतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्यात हे बरंच घडतं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, अशा दुखण्याला स्वतंत्र जागा दिली आहे. म्हणजे कारण दिसत नसलेली जुनाट वेदना हा नाटकाचा किंवा आळसाचा नव्हे, तर वैद्यकाचा विषय आहे, हे आता जगाने मान्य केलं आहे.

कामाचा भार

आपल्या दुखण्याची मुळं बरीचशी आपल्या कामात आहेत. वेचणीला कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, दोन्ही हात पुढे, मान खाली. मजुरी किलोवर, त्यामुळे पाठ सरळ करायलाही मन धजत नाही. सोयाबीन काढणीत विळ्याचा हात, बांधकामावर डोक्यावर घमेलं, ऊसतोडीला गेलं तर मोळी. घरी आलं की पाण्याचा हंडा, भाकरी थापणं, धुणं. शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुलींची मान आणि ट्रॅक्टर-रिक्षा चालवणाऱ्या पोरांचा खांदा वेगळ्या वाटेने तिथंच येऊन पोचतो. एकच स्नायू एकाच स्थितीत तासन्‌तास ताणलेला राहिला की तो आखडतो. रात्रीची झोप पुरली नाही तर सकाळी तो सैल होत नाही.

“महिनाभर आराम करा” हा सल्ला रोजंदारीच्या माणसाला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. आणि खरं सांगायचं तर या दुखण्यात पडून राहणं हा उपायही नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलं की स्नायू आणखी कमजोर होतात. काम सोडायचं नाही, कामाची रीत बदलायची.

ओटी काठोकाठ भरू देऊ नका, अर्धी झाली की रिकामी करा. अर्ध्या तासाने दोन मिनिटं सरळ उभं राहा. एकाच खांद्यावर रोज ओझं नको, बाजू बदला. हंडा जमिनीवरून उचलताना गुडघ्यात वाका, कंबरेत नको. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन खेपा करा. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं, ते यामुळेच.

ताण अंगात उतरतो

कर्ज, पोरीचं लग्न, नवऱ्याची दारू, घरातला मृत्यू, बांधावर किंवा कार्यालयात गिळलेला अपमान. हे सगळं माणूस खांद्यावर वागवतो, असं आपण म्हणतोच. शरीराच्या दृष्टीने ते शब्दशः खरं आहे. ताणात मान-खांद्याचे स्नायू आवळलेले राहतात, श्वास वरवरचा होतो, झोप तुटते आणि मज्जातंतूंची राखण आणखी तीव्र होते.

कित्येक माणसांना नैराश्य येतं तेव्हा ती “मला दुःख होतंय” असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, “छाती भरून येते, हात-पाय गळतात, डोकं जड होतं.” गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दवाखान्यांत याच गोष्टीवर काम केलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी रुग्णांशी बोलून, समजावून सांगून मदत केली, तेव्हा सरकारी आरोग्य केंद्रांतले अधिक रुग्ण बरे झाले. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बोलणं हाही उपचार आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन केला म्हणजे आपण वेडे ठरत नाही. जगणं नकोसं वाटत असेल तर तो फोन आजच करा.

भगत, पुड्या आणि सुया

मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात एक प्रसंग आहे. कपिलवस्तूला धम्मोपदेश करून रात्र झाली, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला पुढचं सांगायला लावलं, कारण त्यांची पाठ दुखत होती आणि त्यांना आडवं व्हायचं होतं. तथागतांनाही पाठदुखी होती. त्यांनी ती लपवली नाही आणि कुणाच्या नजरेला दोष दिला नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांतल्या नसांच्या वेदना होत्या. त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. आपण त्यांची लेकरं. खांदा दुखला म्हणून कोंबडं-लिंबू घेऊन भगताच्या दारात उभं राहणं आपल्याला शोभत नाही आणि परवडतही नाही.

पण अंधश्रद्धा फक्त भगताकडेच नसते. “सलाईन लावल्याशिवाय अंगात ताकद येत नाही” हीसुद्धा अंधश्रद्धाच आहे. सलाईनमध्ये मीठ-साखरेचं पाणी असतं, दुखण्यावर त्याचा उपयोग नाही. आठवडी बाजारातल्या संधिवाताच्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्या. त्याने तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि सुया महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होतो, बीपी वाढतं, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कधीमधी लागलीच तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी त्या मानाने सुरक्षित, पण दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर हवं. रोज दारू पिणाऱ्यांनी आणि काविळीच्या रुग्णांनी तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. “नस बसवून देतो” म्हणत मानेला हिसका देणाऱ्यापासून तर लांबच राहा.

घरी करण्यासारखं

शेक: जाड मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून फडक्यात बांधा, आधी आपल्या मनगटाला लावून पाहा, मग दुखऱ्या जागी पंधरा मिनिटं शेका. शुगर असून कातडी बधिर असलेल्यांनी जपून, भाजलेलं कळत नाही. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही.

व्यायाम: सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं पुरतात.

१. दोन्ही खांदे वर, मागे आणि खाली असे गोल फिरवा. दहा वेळा.

२. पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढा, पाच आकडे म्हणेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा.

३. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या, पाच आकडे, सोडा.

४. खांदा आखडला असेल तर भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर चालवत हात वर न्या. जिथं पोचला तिथं कोळशाने खूण करा. उद्या खूण एक बोट वर गेली तरी पुष्कळ.

थोडं ताणल्यासारखं वाटणं ठीक. कळ आली, मुंग्या वाढल्या तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवा.

श्वास: विहारात आपण आनापान करतोच. झोपण्याआधी दहा मिनिटं श्वास पोटापर्यंत जाऊ द्या आणि सोडताना खांदे सैल सोडा. इथं तो स्नायूंचा उपचार म्हणूनच करा.

दुखण्याची वही: पोराच्या जुन्या वहीत रोज एक ओळ. कुठं दुखलं, कधी, कशाने वाढलं, कशाने कमी झालं, झोप किती झाली. लिहिता येत नसेल तर पोरांना सांगा. “सगळीकडेच दुखतं” असं सांगण्यापेक्षा ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांना पाच मिनिटांत दिशा मिळते.

जुनी वेदना आठ दिवसांत जात नाही. सहा ते आठ आठवडे सातत्य हवं. “दुखणं शून्य झालं का?” असं रोज विचारू नका. “गेल्या महिन्यात जे जमत नव्हतं ते आज जमलं का?” असं विचारा.

कुठं जायचं?

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग हदगावचं सरकारी रुग्णालय. पुढची गरज लागली तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. जाताना जुने रिपोर्ट, एक्स-रे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा पैसे भरून कराव्या लागत नाहीत. हृदयाच्या मोठ्या उपचाराची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात एका पिशवीत तयार ठेवा.

डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा: यात जिवाला धोका आहे का? ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहे का? मी कोणतं काम करू शकते आणि कोणतं टाळू? तिसरा प्रश्न आपण विचारतच नाही, आणि रोजच्या जगण्यात उत्तर लागतं ते त्याचंच.

शेवटी घरातल्यांसाठी. दुखणाऱ्या माणसाला “तुला काही झालं नाही” असं म्हणू नका. त्याने दुखणं कमी होत नाही, फक्त सांगणं बंद होतं. आणि मग एखाद्या दिवशी खरोखर छातीत कळ येते, तेव्हाही ती बाई गप्प राहते. घरातल्या पुरुषांनी पाण्याचे हंडे आपल्याकडे घेतले, सुनेने आणि लेकीने धुणं वाटून घेतलं, तर गोळीपेक्षा जास्त फरक पडतो. महिला मंडळाने रविवारच्या वंदनेनंतर विहारातच वरचे चार व्यायाम सगळ्यांकडून दहा मिनिटं करून घ्यावेत. ज्या भगिनी खांदा वर जात नाही म्हणून मागे बसतात, त्यांना हात धरून पुढे बोलवा. भिंतीवरची खूण कुणाची किती वर गेली, हे सगळ्यांना दिसू द्या.